घटाच्या मातीसाठी

सोळा वाकळांपैकी सात धुऊन बांधावर वाळत पडल्या होत्या. आठवी दगडावर पालथी घालून राजेश्वरीनं दांडकं उगारलं, तेवढ्यात विहिरीच्या कट्ट्यावरचा फोन वाजला. घट बसायला तीन दिवस उरले होते. घरातलं एकूण एक अंथरूण घटाच्या आधी पाण्यातून निघालं पाहिजे, हा कडेगावकडच्या घराघरातला नेम. त्यात खंड पडला तर देवी काही बोलत नाही, पण शेजारणी बोलतात. तिनं पदराला हात पुसून फोन कानाला लावला.

फोन नणंदेचा होता. आक्काताई, लालासाहेबांची थोरली बहीण, माण तालुक्यात दहिवडीच्या पलीकडं दिलेली. वय बहात्तर, आवाज पंचविशीचा आणि गुडघे नव्वदीचे.

"राजेश्वरी, लाला हाय का जवळ?"

"न्हाई वन्सं. जीपखाली हायत. नुसतं पाय दिसत्यात. का वं?"

"काय न्हाई."

आक्काताईंचं 'काय न्हाई' म्हणजे पोतंभर असतं हे राजेश्वरीला तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. तिनं फोन कानाशी तसाच धरला. पलीकडून उसासा आला आणि मग पोतं सुटलं.

आक्काताईंच्या सासरी घटाला साधी शेतातली माती चालत नाही. गावामागच्या डोंगरावर आईचं ठाणं आहे. तिला दुसरं नाव नाही, सगळे आईच म्हणतात. तिथली माती घरच्या थोरल्या सुनेनं स्वतःच्या ओंजळीनं उचलायची, तीही सर्वपित्रीच्या सकाळी, सूर्य उगवताना. आधी घरच्या आडाचं पाणी आईच्या पायावर घालायचं आणि ते जिथं मुरेल तिथली माती घ्यायची. सासूनं हातात हात घेऊन हे काम आक्काताईंना दिलं होतं आणि त्यांनी ते अडतीस वर्षं चुकवलं नव्हतं. मग गुडघे गेले. गेली अकरा वर्षं माती दुसरं कुणीतरी आणतं.

"गेल्या साली पुतण्या मोटरसायकलीवर गेला आन घमेलं भरून घिऊन आला," आक्काताई म्हणाल्या. "त्यात खडी निघाली गं. डांबरी रस्त्याची खडी! वरपतूर गेलाच न्हाई मेला. घट बोटभर बी उगवला न्हाई. नऊ दिस मी त्या घटाकडं बघून आईला तोंड दाखवलं न्हाई. सासूबाईला काय सांगू? अमुश्या परवा हाय. मला एकदा तरी वर जायचं हाय, राजेश्वरी. एकदाच."

त्यांचा आवाज एवढा खाली आलेला राजेश्वरीनं कधी ऐकला नव्हता.

"मी सांगते ह्यांना," ती म्हणाली, आणि आठवी वाकळ तशीच दगडावर टाकून घराकडं निघाली.

जीपखालचे पाय सगळं ऐकेपर्यंत हलले नाहीत. मग लालासाहेब पाठीवर सरकत बाहेर आले. डोळ्यांवर दवाखान्याचा हिरवा-काळा चष्मा, गालावर ग्रीस.

"वर बैलगाडीची वाट हाय. ल्हानपणी मी आक्काकडं गेलतो तवा गाडी जायाची. गाडी जाती तिथं आपली जीप नाचत जाईल. उद्या पहाटं निघू, राती वर तंबू ठोकू, सकाळी सूर्याच्या आधी आक्का आईच्या दारात. रिपोर्ट ओके?"

"आन डोळा?"

लालासाहेब पुन्हा जीपखाली जायला बघत होते. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सतरा दिवस झाले होते. महिनाभर गाडी चालवायची नाही, डोळ्यात पाणी-धूळ जाऊ द्यायची नाही, दर चार तासांनी थेंब घालायचे, असं डॉक्टरांनी तिच्यासमोर तीनदा सांगितलं होतं, आणि तिच्यासमोर सांगितलं म्हणूनच ते सांगण्याला काही किंमत होती.

"डावा हाय की."

"डाव्या डोळ्यानं जेवा. गाडी मी चालवणार."

बरीच घासाघीस झाली. शेवटी तह ठरला: डांबरावर ती, डांबर संपलं की ते. तिला हा तह पसंत नव्हता, पण आक्काताईंचा आवाज कानात होता. आईच मधे काहीतरी करील, असं मनाशी म्हणून ती दोन कोरड्या, धुवायच्या राहिलेल्या वाकळा काढायला आत गेली.

राजेश्वरीला गाडी चालवायला लालासाहेबांनी शिकवलेलं नव्हतं, हे इथं सांगायला हवं. ती कवठे महांकाळकडची. तिकडं पावसाची वाट बघत माणसं म्हातारी होतात. तिचे वडील नाथाजी उन्हाळ्यात द्राक्षबागा जगवायला ट्रॅक्टरनं पाण्याचा टँकर ओढायचे. त्यांच्या पाठीत उसण भरली त्या वर्षी पंधरा वर्षांची राजेश्वरी ट्रॅक्टरवर बसली. अर्धा भरलेला टँकर ओढ्यातून काढणं हे जाणत्यालाही जड जातं; आतलं पाणी एका अंगाला धावलं की ट्रॅक्टरला घेऊन जातं. म्हणून नाथाजींनी मडगार्डावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी तांब्या ठेवला आणि म्हणाले, "ह्यातलं सांडलं न्हाई तर त्यातलं हलणार न्हाई. वाटंकडं बघ आन तांब्याकडं कान ठेव." पहिल्या दिवशी तांब्या तीन वेळा रिकामा झाला. चैत्र संपेपर्यंत सांडायचं थांबलं.

लग्नात आक्काताईंनी नवरीचा हात हातात घेऊन वऱ्हाडाला दाखवला होता. "बघा गं बायांनो, मेंदीच्या आधी ग्रीस लागलंय!" सगळा मांडव हसला. राजेश्वरी पण हसली, पण ते वाक्य मनात कुठंतरी अडकून बसलं, काट्याचं टोक राहावं तसं. सासरी ऊस होता, ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरवर बसायला दीर होते. तिनं चूल घेतली, देव घेतले, आणि फौजेतल्या नवऱ्याची वाट बघितली.

लालासाहेब फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून सुटले. लेहच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत ट्रक चालवून घरी आलेला माणूस पलंगावर झोपेना. छताखाली कोंडल्यासारखं होतं म्हणायचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी लिलावातली एक मोडकी जीप आणली, चारी चाकांना ताकद लागणारी. दोन वर्षं तिच्याखाली काढली. घराच्या दारांना लावून उरलेला निळा रंग तिला दिला. मागं लाकडी खणांची पेटी बसवली: एका खणात शेगडी, एकात तवा-परात, एकात पीठ-मीठ. राजेश्वरीनं हट्टानं सगळ्यात वरचा खण देवाला मागून घेतला. त्यात निरांजन, काडेपेटी, हळदीकुंकवाची डबी आणि आईचा एक छोटा टाक. पुण्याहून मुलानं, जयराजनं, टपावर बसणारा तंबू पाठवला. दोन खिट्या काढल्या की पुस्तकासारखा उघडतो, वर चढायला शिडी. गावानं पोटभर हसून घेतलं. लोक रिटायर झालं की घर बांधत्यात, हवालदारांनी घर उचलून जीपवर ठिवलं, असं पारावर चालायचं. पण महिन्यातून एकदा दोघं कुठल्या ना कुठल्या माळावर जाऊन राहायची, जागेच्या मालकाला विचारून, चुलीची राख पुरून, कचरा परत आणून. पहाटे पठारावर धुकं असताना निरांजन लावून बसलं की देव घरातल्यापेक्षा जवळ वाटतो, हे राजेश्वरीनं कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त स्टिअरिंगचं चाक त्यांचं असायचं. डांबरावर कधीमधी तिचं.

शनिवारी पहाटे ती दोघं निघाली. विटा, मायणी मागं टाकून दहिवडीला चहा झाला आणि नवाच्या सुमाराला निळी जीप आक्काताईंच्या दारात उभी राहिली. आक्काताई नवं लुगडं नेसून ओट्यावर तयार होत्या. मांडीत पितळी तांब्या, आडाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला.

"वन्सं, कॅन हाय की गाडीत. झाकणाचा."

"पलाश्टिकातलं पाणी आईला? तुज्या म्हायारी चालत आसंल."

"मग निम्मा तरी करा. सांडंल."

"तू नीट चालव, मग न्हाई सांडायचं."

लालासाहेबांनी बहिणीला उचलूनच पुढच्या सीटवर बसवलं. आक्काताई जीपमध्ये पहिल्यांदाच बसत होत्या. त्यांनी दारावर हात फिरवला, मागची पेटी बघितली, वर बघितलं. "आन झोपायचं त्या टपावर व्हय? कोंबड्यावानी?"

"तुमी खाली झोपायचं. कोंबडी आमी," राजेश्वरी म्हणाली.

गावाबाहेर डांबर संपलं तिथं जीप थांबली. तहाप्रमाणं ती उतरली आणि ते चाकावर बसले. बैलगाडीची वाट डोंगराच्या कुशीकडं निघाली. पाऊस यंदा बरा झाला होता. माणाचा माळ एरवी उघडाबोडका, पण आज सगळीकडं गुडघाभर गवत आणि मधे पिवळी फुलं. दीड किलोमीटर जीप खरंच नाचत गेली. मग एकदम लालासाहेबांनी ब्रेक दाबला.

वाटेवर आडवा चर होता. दोन हात रुंद, ढोपरभर पाण्यानं भरलेला. त्याच्या पलीकडं वीस पावलांवर दुसरा, पलीकडं तिसरा. सगळा डोंगर पायऱ्या मारल्यासारखा आडवा कापलेला.

"ही वाट कुणी खणली?" लालासाहेब ओरडले.

आक्काताई तांब्याकडं बघत राहिल्या. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "आमीच."

"म्हंजे?"

"आरं, पाच सालामागं गावानं श्रमदान केलं न्हवं का? पानी अडवायला. दीड म्हयना रोज सकाळी सगळं गाव डोंगरावर. पयली कुदळ मीच मारली. खुर्चीत बसून. टाळ्या वाजवल्या लोकांनी." त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. "पानी अडवायच्या नादात वाट ठिवायचं कुणाच्या ध्यानातच न्हाई आलं की रं!"

राजेश्वरी तोंडाला पदर लावून हसायला लागली. लालासाहेबांना हसू येत नव्हतं. चर बुजवून पुढं जाणं चार दगडांचं काम होतं, पण ते त्यांनी सुचवलंसुद्धा नाही. त्या चरांनी गावाच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी आणलं होतं. देवीकडं जायला पाण्याची वाट मोडायची, हे तिघांपैकी कुणालाच पटलं नसतं.

"खालनं मारतो वळसा," ते म्हणाले आणि त्यांनी जीप डावीकडं गवतात घातली. चरांच्या शेवटी गावानं मातीचा बांध घातला होता. त्याच्या कडेनं हिरवीगार सपाट पट्टी दिसत होती.

"आवं, तिथं नगं. हिरवं लय दिसतंय."

"गवत हाय ते."

"एवढं हिरवं गवत पाण्यावर आसतंय."

सांगून होईपर्यंत जीपची उजवी दोन्ही चाकं खाली बसली. लालासाहेबांनी पुढची चाकं जोडली, गियर बारीक केला, रेस केली. चिखल टपापर्यंत उडाला आणि जीप आणखी चार बोटं रुतली. मग ते उतरले आणि चाकांची हवा कमी करायला लागले.

"वाळूत आसंच करायचं. चाक पसरतं. राजस्थानात मी आख्खा ताफा काढलाय."

"ही वाळू न्हाई. चिकण हाय. चाक पसरलं तर जास्त चिकटंल."

"फौजेत मी हुतो का तू?"

तेवढ्यात तिच्या कमरेचा फोन वाजला. थेंबांची वेळ झाली होती. चिखलात रुतलेल्या जीपच्या बॉनेटवर हवालदारांना उताणं निजावं लागलं, बायको डोळ्यावर वाकली, आणि पुढच्या सीटवरून बहीण तांब्या सांभाळत म्हणाली, "लाला, आदी तुजा डोळा भर, मग चाकं भर."

थेंब घालून झाले तरी लालासाहेब उठले नाहीत. डोळे मिटून पडले होते. मग फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "राजे, मला खोल-उथळ कळंना झालंय. सगळं चित्रावानी सपाट दिसतंय. गवत आन पाणी एकच वाटलं मला."

"डॉक्टरांनी सांगितलेलं. एक डोळा सुधरंस्तवर व्हणारच. म्हयन्याभराचं तर हाय."

"म्हयना नंतर. आक्काला आज न्यायचं हाय." ते उठून बसले, खिशातल्या रुमालानं हात पुसले आणि म्हणाले, "चाक तू घे. मी म्होरं चालतो. खोल-उथळ माज्या पायाला कळंल. मी हात दाखवीन तेवढं फक्त वळव."

तीस वर्षांत त्यांनी खराब वाटेवर चाक आपणहून दिलं, ते हे पहिल्यांदा. राजेश्वरीनं मनातल्या मनात आईला हात जोडले आणि लगेच मागचं दार उघडलं. नाथाजी अशा वेळी चाकाखाली पोती घालायचे. पोती नव्हती. वाकळा होत्या.

पहिली चाकाखाली सारली. दुसरी उलगडली तशा आक्काताई सीटवरून ओरडल्या, "अगं अगं, त्यो वरचा पदर माज्या इरकलीचा! माज्या पयल्या दिवाळीच्या इरकलीचा!"

राजेश्वरी थांबली. वाकळ हातात, चिखल ढोपराला. नणंदेच्या जुन्या लुगड्यांतून ही वाकळ तिनंच शिवली होती, जयराजच्या वेळी.

"ठिवू मागं?"

आक्काताईंनी डोंगराकडं बघितलं. "घाल," त्या म्हणाल्या. "घाल चाकाखाली. इरकल काय वर जायाचीय? मला जायाचंय."

तेवढ्यात बांधावरून कुणी खाकरलं. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, मागं साठ-सत्तर मेंढरं. बिराप्पा. पावसाळ्याचे महिने तो याच डोंगराला असतो. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरतो.

"आक्काताई? तुमी हिकडं कशा? आन ह्यो काय बंगला रुतलाय?"

"घटाची माती आणाय चाललोय रं बाबा. चर आडवं आलं."

"यीणारच. तुमीच खणलं," बिराप्पा म्हणाला आणि काठी टाकून पाठीमागून खांदा लावायला आला. लालासाहेबांनी दुसऱ्या अंगानं लावला. राजेश्वरी चाकावर बसली. रेस करायच्या ऐवजी तिनं क्लच हळूहळू सोडला, जसा टँकर ओढ्यातून काढताना सोडायची. चाकानं वाकळ पकडली, इरकलीचा पदर आत गेला, बाहेर आला, आणि जीप एक आळस दिल्यासारखी वर आली.

बिराप्पानं जीपभोवती एक फेरी मारली. तंबू बघितला, खण उघडून बघितले. "म्हंजे चूल, अंथरूण, देव, समदं बरूबर घिऊन फिरता?"

"व्हय."

"आमी बी त्येच करतो. फकस्त आमचं बिऱ्हाड घोड्यावर. तुमी हौसंनं करता आन आमी नशिबानं." मग काठीनं त्यानं डोंगराची दुसरी कड दाखवली. "पल्याडनं माजी घोड्याची वाट हाय. तिकडं चर न्हाईत, समदा खडक हाय. घोड्याला पुरती, तुमच्या ह्या म्हशीला पुरंल का बघा. एका जागी आंग मोडाय लागंल."

अंग मोडायची जागा दुपारी बाराच्या सुमाराला आली. वाट डोंगराच्या अंगाला तिरकी जात होती. डावीकडं दरड, उजवीकडं गवताचा उतार आणि खूप खाली गावाची कौलं. पन्नासएक पावलांची ती जागा, पण जीप तिथं एका कुशीवर कलती होणार होती. चाकांत हवा पुन्हा भरून झाली होती. बिराप्पा वाटेतले सुटे दगड काढत पुढं गेला. लालासाहेब जीपकडं तोंड करून उलटे चालायला लागले, हात वर, फौजेतल्यासारखे. पंजा ज्या अंगाला हलेल तिकडं वळायचं. मूठ म्हणजे थांब.

"वन्सं, तुमी उतरा. बिराप्पा धरून आणंल."

"ह्या गुडघ्यांनी? मी न्हाई उतरत." आक्काताईंनी तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरला. डोळे मिटले. "चालव तू. मी आईचं नाव घेते."

राजेश्वरीनं पण घेतलं. मग पहिला गियर घातला.

जीप कलली तशी तिनं चाक घट्ट धरलं. नवऱ्याचा पंजा डावीकडं हलला, ती डावीकडं गेली. मूठ आवळली, ती थांबली. बिराप्पानं एक दगड लाथेनं बाजूला केला. पुन्हा पंजा. उजव्या हाताला गावाची कौलं खिडकीत भरून आली होती, पण तिनं तिकडं बघितलं नाही. वाटेकडं बघत होती आणि कान शेजारच्या तांब्याकडं होता. पाणी एकदा काठाला लागल्याचा बारीक आवाज आला. तिनं पाय आणखी हलका केला. दरडीतली एक करवंदीची फांदी टपावर खरखरत गेली. मग चाकाखालचा खडक सपाट झाला, जीप सरळ झाली, आणि लालासाहेबांचे दोन्ही हात खाली आले.

आक्काताईंनी डोळे उघडले आणि आधी तांब्यात बघितलं. मग लुगड्यावर.

"दोन थेंब सांडलं गं."

"ते तुमच्या हाताचं, वन्सं. चाकाचं न्हाई."

"आसंल," आक्काताई म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून निघणं म्हणजे नवलच होतं. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या बिराप्पाला मोठ्यानं म्हणाल्या, "आमची भावजय हाय बरं का! टॅक्टरवर शिकलीया. टँकर वडायची ल्हानपणी."

राजेश्वरीनं गियर बदलायच्या निमित्तानं मान दुसरीकडं वळवली.

माथ्यावर आईचं ठाणं म्हणजे चार दगडांचा आडोसा, वर चाफ्याचं झाड आणि शेंदरानं माखलेला बिनघडणीचा दगड, आईचा तांदळा. चाफ्याच्या सावलीला जीप लावली. दुपारभर मुक्काम मांडण्यात गेली. लालासाहेबांनी खिट्या काढून तंबू उघडला, राजेश्वरीनं खण ओढून शेगडी पेटवली. बिराप्पानं मेंढीचं दूध आणलं. पिठलं, बाजरीच्या भाकरी, फोडलेला कांदा आणि खर्डा असं जेवण झालं. बिराप्पानं पाचवी भाकरी घेताना विचारलं, "ह्या खणांच्या पेटीचं माप द्याल का सायब? घोड्याच्या पाठीवर बसती का बघतो." लालासाहेबांनी तिथल्या तिथं कागदावर चित्र काढून दिलं. संध्याकाळी राजेश्वरीनं देवाच्या खणातलं निरांजन काढून आईपुढं लावलं, दोघी नणंदा-भावजयांनी आरती म्हटली, आणि मागच्या सीटा पाडून आक्काताईंचं अंथरूण झालं. टपावरची कोंबडी वर गेली.

अमावास्येच्या सकाळी तांबडं फुटायच्या आधीच आक्काताई हाका मारायला लागल्या. भावानं एका बाजूनं, भावजयीनं दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना ठाण्यापुढं आणलं. सूर्याची कड डोंगरामागून वर आली तसं त्यांनी तांब्यातलं पाणी आईच्या पायावर सोडलं. पाणी दगडावरून वाट काढत खाली गेलं आणि चाफ्याच्या मुळाशी मुरलं.

आता ओंजळ. बसल्याशिवाय मातीला हात पोचत नव्हता, आणि आक्काताई अकरा वर्षांत जमिनीवर बसल्या नव्हत्या. खुर्ची आणू का, असं लालासाहेबांनी विचारलं. "खुर्चीत बसून कुदळ मारली तर वाट मोडली," त्या म्हणाल्या. "खालीच बसते." राजेश्वरीनं इरकलीची वाकळ आणली, चिखल वाळून टणक झालेली, आणि चिखलाची बाजू खाली करून अंथरली. दोघांच्या हातांवर भार टाकत, आई गं, आई गं करत आक्काताई बसल्या. सासूची का देवीची हाक ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग वाकून ओल्या मातीत दोन्ही हात घातले.

काळीभोर, बारीक, खडा नाही. त्यांनी ओंजळ नाकाशी नेली. पदरात घेतली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. गालावरून पाणी वाहत होतं आणि तोंडानं मात्र चालूच होतं, "बघ गं, खडी हाय का ह्यात? हाय का डांबर? त्या मेल्याला दाखवते गावात गेल्यावर."

पाचवी ओंजळ त्यांनी स्वतःच्या पदरात घातली नाही. राजेश्वरीकडं धरली.

"पदर धर."

"मला, वन्सं? ही तर थोरल्या सुनंची माती. मी तुमच्या घरची न्हाई."

"आणली कुणी मला? धर म्हणते नव्हं. तुज्या घटाला घाल. उगवला न्हाई तर मला सांग, मी आईशी भांडते."

राजेश्वरीनं पदर धरला. माती अजून ओली, गार होती. तिनं वाकून नणंदेच्या पायाला हात लावला. आक्काताईंना उठवायला मात्र तिघं लागली; बिराप्पालाही हाक मारावी लागली.

उतरताना चाक कुणी घ्यायचं हे कुणी विचारलंच नाही. लालासाहेब गळ्यात रुमाल बांधून पुढं चालायला लागले. अंग मोडायची जागा या वेळी लवकर गेली. माळावर आल्यावर मागच्या चाकात बाभळीचा काटा भरला तेवढंच. लालासाहेबांनी चाक बदलून स्टेपनी लावली आणि आक्काताईंनी सगळ्यांना ऐकवलं की काटा त्यांच्या गावच्या बाभळीचा नाही, शेजारच्या गावचा आहे.

दुपारी आक्काताईंना त्यांच्या ओट्यावर सोडलं तेव्हा पुतण्या दारातच उभा होता. त्याला पदरातली माती दाखवायला त्यांना अर्धा तास लागला. जीप निघाली तरी त्या बोलतच होत्या.

घरी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. राजेश्वरीनं आधी माती देवघरात पानावर ठेवली, वर ओलं फडकं झाकलं. मग विहिरीवर जाऊन बघितलं. बांधावरच्या सात वाकळा शेजारणीनं घडी करून ठेवल्या होत्या. आठवी अजून दगडावर पालथी होती, आणि जीपमधल्या दोन चिखलानं कडक झालेल्या धरून नऊ धुवायच्या होत्या. उद्या पहाटे चारला उठलं तर घट बसायच्या आधी होतील, असा तिनं हिशेब केला.

परत आली तर लालासाहेब जीपच्या डाव्या सीटवर बसून होते. काळा चष्मा, मांडीवर थेंबांची बाटली. किल्ली चाकाजवळ लावलेली.

"चल," ते म्हणाले. "दुकान आठपतूर उघडं आसतं."

राजेश्वरीनं ओले हात पुसले आणि चाकावर बसली. विट्याला जायचं होतं, पंक्चर काढायला.